बंद पडलेला जुना चेनसॉ: दुरुस्त करावा की भंगारात द्यावा?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले. त्याआधी आमच्या भागात चेनसॉ, म्हणजे बोलीत ज्याला नुसते ‘कटर’ म्हणतात ते यंत्र, एखाद्या लाकूडतोड्याकडेच दिसत असे. त्या दोन वर्षांत रस्त्यांवर आणि घरांवर पडलेली झाडे हटवण्यासाठी अनेक बागायतदारांनी ते विकत घेतले. त्यांतले कित्येक आज पडवीत किंवा माळ्यावर पडून आहेत. कुणाचा चेनसॉ दोरी ओढून खांदा दुखला तरी सुरू होत नाही, कुणाचा सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडतो, कुणाची दोरीच ओढली जात नाही, तर कुणाच्या यंत्रावर फांदी कोसळून त्याचे हँडल मोडलेले आहे. असे यंत्र दुरुस्त करण्याजोगे आहे की नाही, हे कसे ठरवावे ते येथे क्रमाने मांडले आहे.

पद्धतीमागचे सूत्र एकच आहे. यंत्र पुन्हा सुरू होईल का, हा प्रश्न नंतरचा. ते कशामुळे बंद पडले, हा पहिला. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये. मी स्वतः हा नियम मोडलेला आहे. माझ्या 58 सीसीच्या यंत्राचा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला, तेव्हा मी नवा पिस्टन आणि रिंग आणून बसवल्या आणि यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झाल्याचा आनंदही साजरा केला. अकराव्या दिवशी नवा पिस्टनही त्याच जागी ओरखडला. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जोड चिरलेला होता, त्यातून जास्तीची हवा शिरत होती, आणि ती पहिल्या पिस्टनबरोबर दुसराही घेऊन गेली. पन्नास-साठ रुपयांच्या रबरापायी दोन पिस्टन गेले, कारण मी रोगाऐवजी लक्षणावर खर्च केला होता.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक, आणि काही मिस्त्रीसुद्धा, यंत्र बंद पडले की सर्वांत आधी कार्ब्युरेटर खोलतात. कार्ब्युरेटर हा नाजूक भाग आहे आणि त्याचे निदान सर्वांत शेवटी करायचे असते. ज्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि ज्यांतून यंत्र थेट बाद होऊ शकते, त्या आधी करायच्या.

टाकीतले पेट्रोल हा पहिला साक्षीदार

हत्यार हाती घेण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला करावी, जाड हातमोजे घालावेत आणि चेन व बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, उतरवून ठेवावेत. त्यानंतर टाकीतले जुने पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून घ्यावे. ते फेकून देण्याची घाई करू नये, कारण यंत्राच्या मृत्यूचे कारण पुष्कळदा त्या बाटलीतच असते.

बाटली दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर दिसला, तर त्यात पाणी उतरलेले आहे. भारतात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसते. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी तीन-चार महिने पडून राहिली, तर हे व्हायला वेळ लागत नाही. पेट्रोलला वार्निशसारखा उग्र, शिळा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमध्ये राळ धरली असण्याचा संभव मोठा. या दोन्ही गोष्टी एका अर्थाने चांगल्या बातम्या आहेत, कारण त्यांचा इलाज स्वस्त असतो.

दुसरी चाचणी याहून साधी आहे आणि ती फार कमी लोक करतात. पांढऱ्या कागदावर त्या पेट्रोलचे चार थेंब टाकून ते मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब, उडून जाऊ द्यावेत. ‘टू-टी’ म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल मिसळलेले पेट्रोल उडाल्यावर कागदावर तेलकट डाग राहतो. डाग राहिलाच नाही, तर यंत्र नुसत्या पेट्रोलवर चालवले गेले आहे असे समजावे. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे वंगण नसते. पिस्टन आणि बेअरिंग यांना जे तेल मिळते ते पेट्रोलमधूनच मिळते. स्टिल किंवा हस्क्वार्नासारख्या नामांकित कंपन्यांच्या यंत्रांना चांगले ऑइल वापरल्यास 1 लिटर पेट्रोलमागे 20 मिलिलिटर, म्हणजे 50 ला 1, हे प्रमाण चालते. स्वस्त यंत्रांच्या माहितीपत्रकात पुष्कळदा 25 ला 1, म्हणजे लिटरमागे 40 मिलिलिटर, असे लिहिलेले असते. घाईच्या दिवसांत शेजाऱ्याने मोटारसायकलच्या बाटलीतले साधे पेट्रोल ओतून यंत्र चालवले, हा प्रकार मी इतक्यांदा ऐकला आहे की यंत्र कुणाकुणाला उसने दिले होते, हा प्रश्न मी आता प्रत्येकाला न चुकता विचारतो.

बाहेरून पाहणी

यंत्रावरची भुशाची आणि तेलाची पुटे ब्रशने व थोड्या रॉकेलने काढून टाकावीत, कारण भेगा त्याखाली लपतात. मग हँडल, टाकी, क्रँककेस (इंजिनाचा क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो तो धातूचा कोष), बार ज्यावर बसतो ते दोन बोल्ट आणि चेन ब्रेक, या पाच जागा उजेडात नीट पाहाव्यात.

हँडल, झाकणे, स्टार्टरचे कव्हर हे भाग मोडले असले तरी घाबरण्याचे कारण नाही. ते बदलता येतात. बारच्या बोल्टचे आटे गेले असतील, तर चांगला लेथवाला त्या भोकात नवे आटे बसवून देतो. क्रँककेसची गोष्ट मात्र वेगळी आहे. व्यावसायिक दर्जाच्या यंत्रांची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. त्याला तडा गेला, तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात त्याचा इलाज होत नाही. त्यासाठी आर्गॉन वायूखाली काम करणारा कसबी कारागीर लागतो आणि मॅग्नेशियमचा कीस पेट घेत असल्यामुळे अनुभव नसलेल्याने त्याला हातही लावू नये. तडा बेअरिंगच्या किंवा ऑइल सीलच्या घरापर्यंत गेला असेल, तर तपासणी तेथेच थांबवावी. ते यंत्र सुट्या भागांसाठी ठेवावे.

चेन ब्रेकबाबत मी तडजोड करत नाही. पुढचा हातरक्षक ढकलल्यावर ब्रेक खटकन लागला पाहिजे आणि मागे ओढल्यावर सुटला पाहिजे. बारचे टोक लाकडात अडकून यंत्र जेव्हा उसळी मारून चेहऱ्याकडे येते, तेव्हा मध्ये उभा असतो तो हा ब्रेक. त्याचप्रमाणे चेन तुटल्यास तिला अडवणारा खालचा आकडा, मागच्या हँडलवर हात असल्याशिवाय रेस न देऊ देणारी कळ आणि कंप शोषणारी रबरे शाबूत असावीत. हे भाग मिळत नसतील, तर इंजिन कितीही उत्तम असले तरी यंत्र दुरुस्त करू नये. ब्रेकच नसलेली अवजड जुनी यंत्रे आजही काही वखारींत चालताना दिसतात. चालवणारे वाकबगार असतात हे खरे, पण त्यांच्या हाताला असलेली सवय विकत घेता येत नाही.

दोरी ओढली जात नसेल तर

दोरी जाम असली म्हणजे इंजिन जाम आहे, असे गृहीत धरू नये. स्टार्टरचे कव्हर चार स्क्रू काढून सोडवावे. स्टिलच्या यंत्रांना यासाठी बहुधा टी-27 चा चांदणीच्या आकाराच्या तोंडाचा पाना लागतो, तर हस्क्वार्नाला साधी ॲलन की. मग कव्हरखालचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले, तर दोष दोरीच्या चकरीत किंवा स्प्रिंगमध्ये आहे आणि तो किरकोळ आहे. फिरत नसेल, तर प्लग काढून पुन्हा प्रयत्न करावा. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचून इंजिन अडलेले असू शकते. प्लग काढूनही फ्लायव्हील हलत नसेल, तर पिस्टन धरलेला आहे किंवा बेअरिंग फुटलेले आहे. जोर लावून ते सोडवण्याआधी पुढे दिल्याप्रमाणे सायलेन्सर काढून आत पाहावे.

कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर जाताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन फिरत असेल, तर निर्णयाचा अर्धा भाग या चाचणीवर अवलंबून असतो. मापक नसेल तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. मऊ जमिनीवर किंवा पोत्यावर यंत्र ठेवून, प्लग घट्ट बसवून, स्विच बंद करून, ते दोरीच्या मुठीला धरून जमिनीपासून वीतभर उचलावे. कॉम्प्रेशन चांगले असेल, तर यंत्र आपल्याच वजनाने झटके खात, थांबत-थांबत खाली येते. गेलेले असेल, तर दोरी सरळ सुटते आणि यंत्र थेट पोत्यावर आदळते. ज्या यंत्रांना सोप्या सुरुवातीसाठी दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंवा दुहेरी स्प्रिंग असते, त्यांच्या बाबतीत ही युक्ती फसवते.

शक्य असल्यास मापकच वापरावा. चेनसॉचा प्लग बहुधा 14 मिलिमीटर आट्यांचा असतो, त्यामुळे जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसाठी ठेवलेला मापक गॅरेजमधून उसना आणला तरी चालतो. मात्र त्याची उलट न जाऊ देणारी झडप प्लगकडच्या टोकालाच असली पाहिजे. ती मापकाच्या तबकडीजवळ असेल, तर नळीतली जागाही दाबाखाली येते आणि एवढ्या छोट्या सिलिंडरवर आकडा बराच कमी दिसतो. चांगली यंत्रे या चुकीमुळे भंगारात गेलेली आहेत. रेस पूर्ण दाबून, काटा चढायचा थांबेपर्यंत सहा ते आठ वेळा दोरी ओढावी. आकडा 150 पीएसआयच्या आसपास असेल, तर इंजिन निरोगी आहे. 120 च्या जवळ असेल, तर ते काम करील, पण त्याचे तारुण्य सरलेले आहे. 100 च्या खाली असेल, तर पिस्टन, रिंग किंवा सिलिंडर यांपैकी काहीतरी गेलेले आहे.

आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून ऑइलचे चार-पाच थेंब सोडून, दोन-तीनदा दोरी ओढून ते पसरवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला, तर रिंग झिजलेल्या किंवा काजळीने खाचेत चिकटलेल्या असण्याचा संभव जास्त. याच कारणाने, पेट्रोलने ओलाचिंब झालेल्या इंजिनाचा आकडा खऱ्याहून चांगला दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

सायलेन्सर काढून पिस्टन वाचणे

माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत मोलाची दहा मिनिटे हीच. दोन-तीन स्क्रू काढले की सायलेन्सर हातात येतो आणि त्यामागच्या खिडकीतून पिस्टन दिसतो. टॉर्च धरून दोरी अगदी हळू ओढत पिस्टन वर-खाली करावा आणि त्याची बाजू पाहावी. निरोगी पिस्टनवर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. उभे ओरखडे म्हणजे दुखापत. ते ओरखडे कुठे आहेत, यावरून कारण कळते.

सायलेन्सरच्या बाजूलाच खोल उभे ओरखडे आणि धातू पसरून चोपडल्यासारखे डाग असतील, तर इंजिन तापले होते. एक तर पेट्रोलात ऑइल नव्हते किंवा कमी होते, नाहीतर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते. आतला भाग पूर्ण कोरडा, तेलाचा ओशटपणाही नसलेला असेल आणि कागदावर डाग पडला नसेल, तर पहिले कारण पक्के झाले. आत तेलकटपणा असूनही ओरखडे असतील, तर बाहेरची हवा आत शिरते आहे किंवा कार्ब्युरेटर पुरेसे पेट्रोल देत नाही, असा संशय धरावा. कार्ब्युरेटर काढून मागच्या खिडकीतून पाहिल्यावर त्या बाजूचा पिस्टन फिकट, घासून गुळगुळीत झालेला दिसला, तर एअर फिल्टरमधून धूळ आणि भुसा आत जात होता. फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरचे हे काम असते, आणि अशा यंत्राचे बेअरिंगसुद्धा त्याच धुळीने झिजलेले असण्याची शक्यता असते. चारही बाजूंनी ओरखडे असतील, तर सिलिंडर गार ठेवणाऱ्या त्याच्या बाहेरच्या पाकळ्या भुशाने बुजून इंजिनाला हवा मिळत नव्हती का, ते पाहावे.

याच वेळी सायलेन्सरमधली बारीक जाळी आणि सिलिंडरचे धूर बाहेर टाकणारे तोंड तपासावे. ‘जोर गेला’ म्हणून बाद ठरवलेल्या यंत्रात कधी कधी एवढेच झालेले असते की ती जाळी काजळीने बंद झालेली असते. पितळी ब्रशने ती साफ केली की यंत्र पूर्वीसारखे चालते.

पिस्टन गेलेला असला तरी सिलिंडर वाचू शकतो. चांगल्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा अतिशय कठीण थर असतो. पिस्टनचे ॲल्युमिनियम त्यावर वितळून चिकटते, तेव्हा थरच खरवडला गेल्यासारखे वाटते. बारीक पॉलिशपेपर ऑइलमध्ये भिजवून ते चिकटलेले ॲल्युमिनियम धीराने उतरवावे आणि मग नखाची कड फिरवून पाहावी. नख कुठेच अडकत नसेल, तर नवा पिस्टन त्या सिलिंडरमध्ये चालेल. थर सोलून खालचे ॲल्युमिनियम उघडे पडले असेल, तर सिलिंडर बदलावाच लागेल. येथे माझे ठाम मत असे आहे की, कारखान्याचा मूळ सिलिंडर साफ करून त्यात चांगल्या प्रतीचा पिस्टन बसवणे हे स्वस्तातला संपूर्ण जोड आणण्यापेक्षा बरे. स्वस्त सिलिंडरच्या आतल्या खिडक्यांच्या कडा पुष्कळदा नीट मारलेल्या नसतात, रिंग त्यांत अडकते आणि काही तासांत सगळे पुन्हा उघडावे लागते.

बेअरिंग आणि हवेची गळती

फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावे. जाणवण्याइतका खेळ असेल, किंवा प्लग काढून फिरवताना वाळू भरडल्यासारखा आवाज येत असेल, तर क्रँकशाफ्टचे बेअरिंग गेले आहे. ते बदलण्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. मॅग्नेशियम क्रँककेसच्या चांगल्या यंत्रात हे काम करणे योग्य ठरते. हलक्या किमतीच्या यंत्रात बेअरिंगपेक्षा मजुरी जास्त होते आणि तेथे मी सरळ नकार देतो.

हवेची गळती हा सर्वांत फसवा दोष आहे. यंत्र सुरू होत असेल, तर त्याची लक्षणे अशी: रेस सोडल्यावरही इंजिन काही क्षण भरधाव राहते, आणि आयडलवर चालणारे यंत्र डाव्या-उजव्या कुशीवर कलंडले की त्याचा वेग आपोआप बदलतो. सुरू होत नसेल, तर दाबाची चाचणी घ्यावी. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून, एक सायलेन्सरच्या खाली आणि एक कार्ब्युरेटरच्या जागी घट्ट आवळून दोन्ही तोंडे बंद करावीत. पिस्टन तळाशी आणून प्लगच्या भोकातून हातपंपाने सुमारे 0.5 बार, म्हणजे 7 पीएसआय, इतकाच दाब द्यावा. याहून जास्त दिल्यास चांगले सीलही उलटते. साबणाचे पाणी ब्रशने लावून सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग, रबरी जोड आणि दोन्ही टोकांची ऑइल सील पाहावीत. फेस जेथे फुगतो तेथे गळती असते. काही सील आतून दाब दिल्यावर घट्ट बसतात आणि आतून ओढ लागली की गळतात, म्हणून निर्वात पंप उपलब्ध असेल तर उलट चाचणीही घ्यावी.

क्लचच्या बाजूचे सील पाहण्यासाठी क्लच काढावा लागतो. त्याचे आटे बहुतेक यंत्रांत उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून लोखंडी सळई घालण्याऐवजी सुती दोरी घालावी, आणि ती धुराच्या खिडकीत सापडणार नाही इतका पिस्टन वर असावा.

स्पार्क, मग पेट्रोल

येथपर्यंत यंत्र तगले असेल, तर उरलेले दोष बहुधा स्वस्त असतात, त्यामुळे हा भाग थोडक्यात सांगतो.

नवा प्लग 0.5 मिलिमीटरच्या फटीने लावून, त्याचा धातू सिलिंडरच्या पाकळीला टेकवून दोरी ओढावी. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून ठिणगी भोकापासून लांब पाडावी. ठिणगी पडत नसेल, तर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला लगेच दोष देऊ नये. स्विचकडे जाणारी तार सुटी करून पुन्हा पाहावे, कारण ती तार सोलून बॉडीला लागली असेल तरी ठिणगी बंद होते. त्यानंतर कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट तपासावी. ती सुमारे 0.3 मिलिमीटर असावी लागते आणि मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळले की ती साधते. एवढे करूनही ठिणगी नसेल, तर मात्र कॉइल बदलावी.

पेट्रोलच्या वाटेत टाकीतला फिल्टर, नळी आणि कार्ब्युरेटरमधले पडदे हे तीन संशयित. नळी वाकवून पाहिल्यावर तिला केसासारख्या चिरा दिसल्या किंवा ती चिकट, फुगीर झालेली असली, तर इथेनॉलने तिचे रबर खाल्ले आहे. कार्ब्युरेटरचा पडदा बोटाने दाबल्यावर कापडासारखा मऊ लागला पाहिजे. कागदासारखा कडकडत असेल, तर पडदे आणि पॅकिंगचा संच बदलावा. तो संच संपूर्ण नव्या कार्ब्युरेटरपेक्षा स्वस्त असतो. स्वस्त यंत्रांच्या बाबतीत मात्र नवा कार्ब्युरेटरच इतका कमी किमतीत मिळतो की जुना साफ करत बसण्यात अर्थ उरत नाही.

चेन, बार आणि चेनचे ऑइल

हे भाग झिजणारच असतात, म्हणून त्यांच्यावरून यंत्र बाद करू नये. पण खर्चाच्या बेरजेत ते न विसरता धरावेत. बारच्या खाचेच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत का आणि चेन खाचेत डुलते का, ते पाहावे. क्लचजवळच्या दातेरी चाकावर चेनने अर्ध्या मिलिमीटरहून खोल खळगे पाडले असतील, तर तेही बदलावे, नाहीतर नवी चेन लवकर ओढली जाते. स्वस्त 58 सीसी यंत्रांवर बहुधा 0.325 इंच पिचची चेन असते आणि तिला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. लहान यंत्रांवरच्या बारीक 3/8 चेनला 4 मिलिमीटरची. कापताना बारीक पूड पडत असेल, तर चेन बोथट आहे. धारदार चेन जाडसर ढलप्या काढते. बोथट चेनवर जोर देऊन चालवलेले इंजिन तापते, आणि पुष्कळ पिस्टनांच्या अकाली मरणाची सुरुवात कानशीच्या आळसातून होते.

ऑइल पंपाची परीक्षा यंत्र सुरू झाल्यावरच घेता येते. बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर वीतभर अंतरावर धरून अर्धी रेस द्यावी. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

हिशेब

आता कागद घ्यावा आणि सापडलेले सर्व दोष एका खाली एक लिहावेत. प्रत्येकासमोर सुट्या भागाची दुकानातून विचारून घेतलेली किंमत आणि मजुरी लिहावी. आंतरजालावर दिसणारी सर्वांत कमी किंमत धरू नये, कारण त्याच चित्राखाली नकली भागही विकले जातात. यंत्राच्या अंगावरचा मॉडेल क्रमांक लिहून घेऊन त्याचे भाग आजही मिळतात का, याची खात्री करावी; मिळत नसतील तर हिशेब तेथेच संपतो.

बेरीज तेवढ्याच ताकदीच्या आणि त्याच प्रतीच्या नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावी. समजा, नवे यंत्र 24,000 रुपयांना मिळते आणि जुन्याला पिस्टन, सील, नळी, पडदे, चेन व मजुरी मिळून 8,500 रुपये लागतात. कॉम्प्रेशन गेल्याचे कारण सापडलेले आहे, क्रँककेस आणि ब्रेक शाबूत आहेत, तर मी दुरुस्ती करीन. हाच आकडा 12,000 च्या पुढे गेला, म्हणजे नव्याच्या निम्म्यावर पोहोचला, तर करणार नाही, कारण जुन्या यंत्राचे न बदललेले भागही जुनेच असतात. उलट, समजा यंत्र मुळात 7,000 रुपयांचे आहे आणि त्याचा पिस्टन व बेअरिंग दोन्ही गेले आहेत. तेथे सुटे भाग स्वस्त असले तरी इंजिन उघडण्याची मजुरी सगळा फायदा खाऊन टाकते. अशा यंत्रावर प्लग, नळी, कार्ब्युरेटर, दोरी इतपतच खर्च करावा.

कारण सापडलेच नसेल, तर मी बेरजेत तोच खर्च आणखी एकदा धरतो. हे कठोर वाटेल. पण कारण जागेवर ठेवून बदललेला पिस्टन दुसऱ्यांदा जातो, हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

वापर किती, हेही पाहावे. वर्षातून आठ-दहा दिवस आंब्या-काजूची छाटणी करणाऱ्याला मध्यम प्रकृतीचे दुरुस्त यंत्र पुरते. रोज लाकूड कापणाऱ्याचे यंत्र एक दिवस बंद राहिले की त्याच्यासोबतच्या माणसांची मजुरीही बुडते, म्हणून त्याने नवे मुख्य यंत्र घेऊन जुने दुरुस्त करून जोडीला ठेवावे. आमच्याकडे आणखी एक सोय आहे. वादळांनंतर एकाच बनावटीची यंत्रे आसपास विकली गेली असल्यामुळे दोन बंद यंत्रांतून एक चालू यंत्र उभे करता येते. एकाचा पिस्टन गेलेला असतो, तर दुसऱ्याची क्रँककेस फुटलेली. शेजाऱ्याच्या माळ्यावरचे यंत्र पाहिल्याशिवाय नव्या सिलिंडरची मागणी नोंदवू नये.

निर्णयानंतर

दुरुस्त केलेल्या यंत्रात ताजे, मोजून मिसळलेले पेट्रोलच घालावे आणि पहिल्या टाकीभर लाकडात न घालता पूर्ण रेस देऊ नये. आयडलवर चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करावा, आणि तरीही थांबत नसेल तर क्लचच्या स्प्रिंगा पाहाव्यात. पहिली टाकी संपल्यावर, यंत्र गार झाल्यावर, सायलेन्सरचे आणि सिलिंडरचे स्क्रू पुन्हा आवळून प्लग काढून पाहावा. तो पांढराफटक असेल, तर पेट्रोल अजून कमी पडते आहे, आणि यंत्र पुढे न चालवता गळतीची चाचणी पुन्हा घ्यावी. पावसाळ्यासाठी ठेवताना टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवावे. येथे कोकणातली अडचण अशी की वादळे नेमकी मे-जूनमध्ये, म्हणजे यंत्र गुंडाळून ठेवण्याच्या वेळीच येतात; म्हणून मी ते रिकाम्या टाकीने ठेवतो आणि वादळाची सूचना आली की अर्धा लिटर ताजे मिश्रण करून एकदा सुरू करून पाहतो.

भंगारात द्यायचे ठरले, तर संपूर्ण यंत्र देऊ नये. कार्ब्युरेटर, कॉइल, फ्लायव्हील, स्टार्टरचे कव्हर, क्लच, ऑइल पंप, चांगला असल्यास बार आणि चेन ब्रेकची स्प्रिंग काढून, मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी घातलेल्या पिशवीत ठेवावीत. उरलेल्या सांगाड्यातले पेट्रोल आणि चेनचे ऑइल पूर्ण उतरवून घ्यावे आणि क्रँककेस मॅग्नेशियमची असल्यास ते भंगारवाल्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे तो तिच्यावर गॅस कटर चालवणार नाही.